सगळ्यात आतला कंस

"तेवढा फॉर्म्युला समजून घ्या हं जरा. मला काही तो कधी कळला नाही," चीफबाई म्हणाल्या आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटवली, लहान मुलाच्या हातावर खाऊ ठेवून मूठ मिटवावी तशी. मी "बरं" म्हटलं. शेजारी रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारा सेंट्रिफ्यूज थांबायच्या बेतात आला होता. त्याची घरघर उतरत उतरत पार बंद होईपर्यंत मी तशीच मूठ मिटून उभी राहिले. कधी कळला नाही. म्हणजे इतकी वर्षं, दर महिनाअखेरीला, मी या काचेच्या दाराशी येऊन "मॅडम, या खेपेला तरी सकाळची पाळी मिळेल का?" असं विचारायची, आणि या बाई चष्मा कपाळावर सारून दुखऱ्या आवाजात "अहो, मी काही करत नाही, फॉर्म्युला करतो" असं म्हणायच्या, तेव्हा त्यांना तो कळतच नव्हता. दैव, नशीब, ग्रहदशा असलं काहीतरी म्हणून लोक हात झटकतात. आमच्या लॅबमध्ये फॉर्म्युला म्हणायचे. मी दार लावून त्यांच्या खुर्चीत बसले, आता ती माझी होती, आणि कॉम्प्युटरवर रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, उघडून माझ्या नावासमोरच्या पहिल्याच चौकटीवर क्लिक केलं. वरच्या पट्टीत एक ओळ उमटली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी नुसत्या कंसांची रांग.

मला सूड घ्यायचा होता, हे आधीच सांगून टाकते. आडवळणानं बोलायचा माझा स्वभाव नाही. चीफबाईंचा निरोप समारंभ त्याच आठवड्यात कॉन्फरन्स रूममध्ये होता. तिथं भिंतीवर मोठा पडदा आहे, डायरेक्टर येणार होते, सगळी लॅब येणार होती, आणि नवी चीफ म्हणून चार शब्द बोलायचे होते मला. ते चार शब्द मी कितीतरी दिवस घोळवत होते. भांडी घासताना, बसमध्ये, सॅम्पलवर लेबलं चिकटवताना. सुरुवात गोड करायची, "मॅडमनी आम्हाला शिस्त लावली" वगैरे. मग पडद्यावर रोस्टर उघडायचं आणि म्हणायचं, "आणि ही मॅडमनी आपल्यासाठी मागे ठेवलेली देणगी. बघा, हिच्यात माझा कर्मचारी नंबर कसा प्रेमानं गुंफलाय." मग गप्प उभं राहायचं. त्यांच्या तोंडाकडे सगळे बघतील, मीही बघीन. एवढंच. मला बढती नको होती, भरपाई नको होती. ते तोंड बघायचं होतं. त्या तीन ओळींत कुठंतरी माझा नंबर आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तो शोधायचा, की झालं.

शंका नसायला कारण होतं. मी या लॅबमध्ये बदलून आले तेव्हा रोस्टर हातानं लिहायचे, एका लांब कागदावर, पेन्सिलीनं, म्हणजे खोडता यावं. तेव्हा मला सकाळ मिळायची. मुलगी तिसरीत होती. मी दोनला सुटायचे, ती तीनला यायची. मग एका दिवशी एका पेशंटचं पोटॅशियम भलतंच वर आलं, चीफबाईंनी रिपोर्टवर सही केली आणि डॉक्टर स्वतः तो न्यायला आले. मी ट्यूब उजेडात धरली. वरचं पाणी पिवळसर असायला हवं, ते गुलाबी दिसत होतं. रक्त घेताना किंवा आणताना पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी तसं म्हटलं. डॉक्टरांसमोर म्हटलं, कारण डॉक्टर समोर होते आणि त्या आकड्यावर ते औषध द्यायला निघाले होते. चीफबाईंचे कान लाल झालेले मला अजून दिसतात. त्या एवढंच म्हणाल्या, "दुसरं सॅम्पल मागवा." आणि पुढच्याच महिन्यापासून रोस्टर कॉम्प्युटरवर आलं. त्यांच्या धाकट्या दिरांनी सुट्टीत बसून करून दिलं होतं, आणि ते दीर मग परदेशी निघून गेले. पहिला छापील कागद बोर्डावर लागला तेव्हा सगळ्याजणी बोटानं आपली ओळ शोधत होत्या. माझ्या ओळीत डावीकडून उजवीकडे संध्याकाळ, संध्याकाळ, संध्याकाळ, सुट्टी, संध्याकाळ. तेव्हाच मनात डूख धरला मी. नवरा म्हणायचा, "अगं, सोड ना." सोडायला माझ्या हातात काय होतं, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

संध्याकाळ म्हणजे दोन ते नऊ. ऐकायला काही फार वाटत नाही. पण घर नावाची जी गोष्ट असते ती बहुतेक दोन ते नऊमध्येच घडते. शाळेतून येऊन दप्तर फेकणं, मैत्रिणीनं काय केलं ते एका श्वासात सांगणं, गृहपाठावरून रडणं, केस विंचरून घेणं, ताप चढायला लागणं. हे सगळं माझ्या नणंदेनं पाहिलं. तिचं लग्न झालं नव्हतं, ती आमच्याकडेच असायची, बाई फार चांगली, तिच्याबद्दल वाईट बोलायला जीभ धजत नाही आणि म्हणूनच जास्त राग येतो. मी रात्री यायचे तेव्हा मुलगी झोपलेली असायची आणि तिच्या वेण्या मी घालते त्यापेक्षा घट्ट, नीट घातलेल्या असायच्या. सकाळी ती अर्धवट झोपेत शाळेत. सुट्टीच्या दिवशी मी सगळं एकदम वसूल करायला जायचे. चल फिरायला, चल गप्पा मारू. ती माझ्याकडे संकोचानं बघायची. एकदा ती पडली, गुडघा फुटला, मी घरातच होते, हात पसरून धावले, आणि ती माझ्या बाजूनं वळसा घालून आत्याकडे गेली. मुद्दाम नाही. सवयीनं गेली. त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून दातओठ खाल्ले, आणि माझ्या डोळ्यांपुढे नणंद नव्हती, मुलगीही नव्हती, कपाळावर चष्मा सारलेला एक चेहरा होता. आता मुलगी नोकरी करते, दुसऱ्या शहरात. फोनवर माझ्याशी फार नीट बोलते. "जेवलीस? पाय दुखतो का अजून? काळजी घे हं." पाहुण्याशी बोलावं इतकं नीट. आत्याशी भांडते. मी दाराआडून ऐकलंय, "तुला काही कळत नाही, गप्प बस तू," असं म्हणते तिला, आणि आत्या हसते. माझ्याशी ती कधी भांडली नाही.

आणि नेमकं याच आठवड्यात तिचा फोन आलेला. तिला काही महिने इथल्या ऑफिसात यायचं होतं. "आई, तुझ्याकडे राहू की आत्याकडे?" नणंद आता वेगळी राहते, आमच्यापासून दोन बसस्टॉप पुढे. मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं?" ती म्हणाली, "नाही, म्हणजे बाबा दौऱ्यावर असणार, तुला संध्याकाळची ड्युटी. कामावरून यायचं आणि स्वतःच कुलूप उघडायचं, ते मला नको वाटतं गं. लहानपणापासून नको वाटतं. तुला सकाळ मिळणार असेल तर तुझ्याकडेच येते. खरंच येते." खरंच येते, हे तिनं दोनदा म्हटलं. मी म्हटलं, "आता मीच चीफ होणार, बघते." ती म्हणाली, "मग शुक्रवारी फोन करते, मला तसं सामान पाठवायचंय." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ किचनच्या ओट्याला टेकून उभी राहिले होते. एका गोष्टीचं मला तेव्हाही नवल वाटलं. मुलगी घरी येईल या आनंदापेक्षा, आता त्या बाईचं तोंड बघायला मिळेल, हा आनंद मोठा होता.

तर फॉर्म्युला. पहिल्या दिवशी मी नुसती बघत बसले. इफ, कंस, इफ, कंस, पुन्हा इफ. ज्याला काही म्हणायचंय तो असं का बोलेल, असं वाटत राहिलं. मग फॉर्म्युले शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या एका माणसाचं ऐकलं. तो शांतपणे म्हणाला की असली गोष्ट डावीकडून उजवीकडे वाचायची नसते, आतून बाहेर वाचायची असते. सगळ्यात आतला कंस शोधा, तो एकटा बाहेर काढा, रिकाम्या चौकटीत ठेवा आणि काय उत्तर येतं ते पाहा. मग त्याच्या बाहेरचा. हे मला पटलं, कारण आम्ही लॅबमध्ये हेच करतो. उत्तर विचित्र आलं की एकेक गोष्ट वेगळी काढून तपासायची. कर्सर सरकवला की कंसांच्या जोड्या रंगानं उजळायच्या, निळ्याला निळा, लालला लाल, आणि हळूहळू त्या बडबडीत एक माणूस बोलतोय असं ऐकू यायला लागलं. जरा भित्रा, सगळ्यांना सांभाळून घेणारा माणूस. सगळ्यात बाहेर तो विचारत होता: इथं नाव आहे का? नसेल तर चौकट कोरी ठेव. असेल तर, आज हिची साप्ताहिक सुट्टी आहे का? नसेल तर, रजा टाकलीय का? नसेल तर, हिला काय हवंय? आणि तिला सकाळ हवी असेल तर सकाळच्या जागा अजून शिल्लक आहेत का? असतील तर सकाळ दे, नाहीतर संध्याकाळ. बस्स, एवढंच होतं त्यात. चीफबाईंच्या दिरांनी, ज्यांना मी कधी पाहिलं नाही, सगळ्या लॅबच्या अडचणींचा विचार करून तो लिहिला होता. मी त्यात माझा नंबर शोधत होते. एकशे एकोणीस. तिन्ही ओळींत तो कुठंच नव्हता. कुणाचाच नंबर नव्हता.

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. चोर सापडला नाही की वाईट वाटतं तसं. मग म्हटलं, नंबर फॉर्म्युल्यात नसेल तर पसंतीच्या यादीत असेल. मागच्या पानावर ती यादी होती, एका रकान्यात प्रत्येकीचा नंबर, दुसऱ्यात तिला काय हवं ते. ती यादी फक्त चीफबाई भरायच्या. तिथं त्यांनी माझ्यासमोर 'संध्याकाळ' लिहून ठेवलं असणार, नुसतं एवढंच, किती सोपं! मी पान उघडलं. यादीच्या तळाकडे, मी बदलून आले तेव्हा कागदी यादीत जिथं माझी भर पडली होती त्याच जागी, एकशे एकोणीस. शेजारी लिहिलं होतं: सकाळ. मी चष्मा पुसला. सकाळ. मग मागे येऊन सगळ्यात आतला कंस, 'हिला काय हवंय' विचारणारा तुकडा, एकटा उचलून रिकाम्या चौकटीत ठेवला. उत्तर आलं: संध्याकाळ.

आता लॅबमधला जुना कीडा वळवळला. यादीत माझ्यासमोर 'सकाळ' खोडून मी 'झाडू' लिहिलं. उत्तर काय यायला हवं? झाडू. आलं, संध्याकाळ. म्हणजे तो माझी ओळ वाचतच नव्हता. मग कुणाची वाचत होता? मी वरपासून एकेकीसमोर झाडू लिहीत, पुसत, खाली सरकत गेले, आणि एकशे अठराशी आले. झाडू लिहिलं. समोरच्या चौकटीत, माझ्या उत्तराच्या चौकटीत, झाडू उमटला. मला हसू आलं. एकशे अठरा म्हणजे हसरी. ती नोकरी सोडून गेल्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण तिची ओळ कुणी काढली नव्हती. आणि त्या ओळीत लिहिलं होतं, तिनं स्वतः मागून घेतलं होतं: संध्याकाळ.

हसरी म्हणजे सदान्कदा हसणारी एक लांब हातांची बाई. आम्ही दोघी संध्याकाळच्या पाळीला असायचो. मला वाटायचं हिच्यावरही चीफबाई खार खाऊन आहेत, आणि मी एकदा कपडे बदलायच्या खोलीत तसं बोलून गेले. ती हसली. "नाही गं, मी मागून घेतलीय. आमचे हे संध्याकाळी घरी असतात ना." मी पुढे काही विचारलं नाही. तिच्या दंडावर पिवळं होत आलेलं निळं दिसायचं, तेही मी कधी विचारलं नाही. ती हसत असायची, बरं दिसलं नसतं. मग एका दिवशी ती आली नाही, नंतर कळलं की नवऱ्याला सोडून बहिणीकडे गेली. सुटली. आणि तिनं स्वतःला लपायला मागून घेतलेली संध्याकाळ मागे राहिली, ती मी जगले. महिन्यामागून महिने. तिच्या घरात जी संध्याकाळ नको होती ती माझ्या घरातून कापून नेली गेली. कुणी नेली? व्हिडिओतल्या माणसानं तेही सांगितलं. त्या आतल्या कंसात शेवटच्या स्वल्पविरामानंतर एक शब्द लिहायचा असतो, 'तंतोतंत हाच नंबर हवा' अशा अर्थाचा. तो लिहायचा राहिला की यंत्र समजतं, जवळचा चालेल. आणि मग ते यादी वरून खाली वाचत नाही. यादी चढत्या क्रमानं लावलेली असणार असं धरून मधोमध उडी मारतं, आणि हवा तो नंबर लहान असेल तर खालची अर्धी यादी फेकून देतं. सगळ्यांचे नंबर क्रमानं होते. माझा एकटीचा जुना, लहान नंबर, दुसऱ्या शाखेतून बदलून आल्यामुळे, मोठ्या नंबरांच्या खाली येऊन बसला होता. फॉर्म्युला खाली माझ्यापर्यंत कधी आलाच नाही. वर एकशे अठरा दिसला, जवळचा वाटला, घेतला.

म्हणजे मला कुणी छळलंच नव्हतं. या वाक्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी छळलं असतं तर मी कुणीतरी असते. दर महिन्याला कुणीतरी माझा विचार केला असता, वाईट का होईना. इथं एका भल्या माणसाच्या हातून एक शब्द राहून गेला होता आणि माझ्या मुलीच्या वेण्या दुसऱ्या बाईनं घातल्या होत्या. पडद्यावर काय दाखवू आता? स्वल्पविराम? सगळ्या हसतील, "अय्या, एवढंच होतं?" म्हणतील, आणि चीफबाई छातीवर हात ठेवून म्हणतील, "बघा, मी सांगत नव्हते?" त्या निर्दोष सुटतील, त्यांना हार घालतील. मी झाडू पुसला, हसरीसमोर पुन्हा संध्याकाळ लिहिली, माझ्यासमोर सकाळ. दुरुस्ती एका शब्दाची होती. बोट टेकवून बसले होते. तो लिहिला नाही. का लिहिला नाही ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी समारंभाच्या आधी चीफबाई खोलीत आल्या. ठेवणीतले कपडे, केस नुकते धुतलेले, चेहऱ्यावर पावडरीचा हात जरा जास्तच. "बसू का?" त्यांनी विचारलं, स्वतःच्याच खोलीत. मी समोरची खुर्ची दाखवली. त्या बसल्या, उठल्या, दार नीट लागलंय का पाहून आल्या आणि पुन्हा बसल्या.

"कळला का हो तुम्हाला?"

"काय?"

"तो फॉर्म्युला."

"बघतेय," मी म्हटलं.

"मला तुम्हाला एक विचारायचंय. आज नाही विचारलं तर मग राहूनच जाईल." पर्सचा पट्टा त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "ते पोटॅशियम आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"मला फार राग आला होता तेव्हा. तुमचं बरोबर होतं, म्हणूनच आला. दिरांनी यादी भरायला दिली आणि मी तुमच्यापुढे संध्याकाळ लिहिली. मुद्दाम. म्हटलं, होऊ दे जरा. दोनच महिने, हो. मग माझं मलाच खायला लागलं, तुमची मुलगी लहान होती, मी बदलून सकाळ केली. आईशप्पथ केली. पण तुम्हाला संध्याकाळच येत राहिली. मी पुन्हा पुन्हा लिहून बघितली. मग मी घाबरले. वाटलं, आपण रागाच्या भरात आत काहीतरी बिघडवून ठेवलंय. दिरांना विचारायचं तर काय सांगू? कुणावर डूख धरून काय लिहिलं होतं ते सांगू? लाज वाटली. आज विचारू, उद्या विचारू, त्यातच वर्षं गेली. तुम्ही दाराशी यायचात ना, तेव्हा मी फॉर्म्युल्याचं नाव पुढे करायचे." त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला दिसलं की या बाई म्हाताऱ्या झाल्यात. "आता तुम्ही उघडून पाहिलंय. खरं सांगा. मीच केलं ना ते?"

खरं फार थोडक्यात होतं. मॅडम, तुमचा राग माझ्यापर्यंत कधी पोचलाच नाही. तुम्ही संध्याकाळ लिहिलीत ती फॉर्म्युल्यानं वाचली नाही आणि सकाळ लिहिलीत तीही वाचली नाही. घरी जा, झोपा. एवढं म्हटलं असतं तर त्या माझ्यासमोर रडल्या असत्या आणि हलक्या होऊन हार घालून घ्यायला गेल्या असत्या. आणि त्या सगळ्या संध्याकाळी माझ्या एकटीच्या पदरात पडल्या असत्या, कुणाच्याही न केलेल्या. न्हाणीघरातला नळ, वळसा घालून गेलेली मुलगी, दाराआडून ऐकलेलं भांडण, हे सगळं कुणाच्या दारात नेऊन टाकायचं मग? इतकी वर्षं मी एका तोंडाची वाट पाहिली होती आणि ते तोंड आपणहून चालत माझ्यासमोर येऊन बसलं होतं.

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं होतं त्या आकांत करतील. त्यांनी नुसती मान हलवली, रिपोर्ट वाईट येणार हे आधीच माहीत असलेल्या पेशंटसारखी. मग खुर्ची ओढून माझ्या बाजूला आल्या. "मग आता माझ्यादेखत दुरुस्त करा. मला बघू दे तुमची सकाळ, म्हणजे मी जाते." हे मी धरलं नव्हतं. मी यादीचं पान उघडलं. माझ्यासमोर सकाळ होतीच. मी ती पुसली आणि पुन्हा लिहिली, सकाळ. रोस्टरवर आले. संध्याकाळ. "बघा," त्या कुजबुजल्या, "अशीच येते. अशीच यायची." त्यांनी स्वतःच्या हातानं, एका बोटानं, सावकाश, पुन्हा सकाळ लिहिली. संध्याकाळ. रोस्टरच्या चौकटीत हातानं काही लिहायचं नाही, असा आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी सह्या करून केलेला नियम आहे, चीफ असली तरी. मागे त्यावरून मोठी भांडणं झालेली. तो नियम मोडून लिहा, असं त्यांच्याही तोंडून निघालं नाही. शेवटच्या स्वल्पविरामानंतरची रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोर होती. तिथं एक शब्द लिहिला असता तर माझ्या ओळीत सकाळच सकाळ झाली असती, आणि मग त्यांनी विचारलं असतं, हा शब्द काय, कुणी गाळला होता, मग मी लिहिलेल्याचं काय?

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मुलगी होती. चीफबाई इतक्या जवळ बसल्या होत्या की त्यांना तिचा आवाज ऐकू जात असणार.

"आई, झालं का गं सकाळचं? मी सामान बांधतेय."

चीफबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पावडरीवर पाण्याच्या दोन रेघा उमटल्या होत्या. सकाळ मिळाली म्हणाले असते तर त्यांना कळलं असतं की ती मिळण्यासारखी होती.

"नाही गं," मी म्हटलं. "नाही झालं."

"बरं," ती म्हणाली. "मग आत्याला कळवते. तू काळजी घे हं."

मी फोन ठेवला. "लेकीचा होता?" चीफबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. "माझ्यामुळे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझं मनगट धरलं, आणि मग त्यांचं तोंड असं झालं की ते मी कितीही वेळा मनात रंगवलं असतं तरी मला जमलं नसतं. मी डोळे न हलवता ते पाहिलं. मला बरं वाटलं. तिकडे कुठंतरी मुलगी सामानावरचा पत्ता बदलत होती, आणि तरी मला बरं वाटत होतं. मग मी त्यांना रुमाल दिला, हाताला धरून उठवलं आणि सावकाश कॉन्फरन्स रूमपर्यंत घेऊन गेले. दार उघडताच आतल्या सगळ्या उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या, म्हणून मी त्यांचा हात सोडला आणि मीही वाजवल्या.